चौघांचं एक काम : कॅपस्टोन प्रकल्प कसा चालवावा
(लेखमाला ‘तंत्रशिक्षण जवळून’, भाग ६)

मागच्या आठवड्यात आपण मायक्रो-प्रोजेक्ट पाहिला : एका विषयापुरता, एका सत्रात आटोपणारा. या आठवड्यात शेवटच्या वर्षाचा मोठा प्रकल्प, म्हणजे कॅपस्टोन. वाशिम जिल्ह्यात कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलामुलींपुढे साधारण दोन वाटा असतात. तंत्रनिकेतनातला डिप्लोमा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या, म्हणजे एमएसबीटीईच्या अभ्यासक्रमाने चालतो. पदवीची वाट बहुतेकांना संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाकडे नेते, कारण अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ आणि वाशिम हे पाच जिल्हे त्याच विद्यापीठाखाली येतात. दोन्हीकडे शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट असतोच. एमएसबीटीईच्या ‘आय स्कीम’ या अभ्यासक्रमात तर ‘कॅपस्टोन’ हे नावच आलं आणि त्याचे दोन भाग केले गेले : पाचव्या सत्रात नियोजन, सहाव्या सत्रात प्रत्यक्ष काम आणि अहवाल. ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. आधी विचार करा, मग हात लावा, हे वेळापत्रकातच लिहून ठेवलेलं आहे.

पण ग्रुपच का? एकेका मुलाला वेगळा प्रोजेक्ट दिला तर गुण देणं सोपं नाही का होणार? होईल. पण मग शिकायची मुख्य गोष्टच राहून जाईल. फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक लिहिलं. आयबीएममधल्या मोठ्या कामाचा अनुभव त्यामागे होता. उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसं लावली की ते आणखी लांबतं, हा त्यांचा निष्कर्ष आजही टिकून आहे. कारण साधं आहे. दोन माणसांत बोलण्याची एकच जोडी असते. चार माणसांत अशा सहा जोड्या होतात आणि आठ माणसांत अठ्ठावीस. कोड लिहिणारे हात दुप्पट झाले, पण एकमेकांना समजावून सांगण्याचं काम चौपटीहून जास्त वाढलं. कॅपस्टोनमध्ये शिकायच्या असतात त्या या जोड्या. चौघांच्या ग्रुपमध्ये त्या सहाच असतात, त्यामुळे सांभाळता येतात, म्हणून मी चारच्या पुढे जाऊ नये या मताचा आहे. गटाने शिकण्याची ही रीत नवी नाही. अमेरिकेतल्या हार्वी मड कॉलेजने १९६३ पासूनच ‘क्लिनिक’ नावाने बाहेरच्या संस्थांचे खरे प्रश्न विद्यार्थ्यांच्या गटांना सोडवायला दिले. इंजिनिअरिंगच्या पदव्यांना देशोदेशी मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला आणि आपल्याकडे अभ्यासक्रम तपासणाऱ्या एनबीएच्या मूल्यांकनातही गटात काम करणं, संवाद आणि प्रकल्पाचं व्यवस्थापन हे तांत्रिक ज्ञानाच्या बरोबरीने मोजले जाऊ लागले.

आता विषयाकडे येऊ, कारण बहुतेक प्रोजेक्ट इथेच बिघडतात. लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्पिटल मॅनेजमेंट, ऑनलाइन अटेंडन्स, कसलातरी चॅटबॉट. दरवर्षी तीच यादी. हे विषय सोपे आहेत म्हणून वाईट आहेत, असं नाही. त्यांना वापरणारा माणूस नाही, ही अडचण आहे. ज्या कामाकडे बघून ‘हे मला असं नको’ म्हणणारं कुणी नसतं, ते काम कधी चुकतही नाही आणि सुधारतही नाही. मग मोठ्या शहरांत तयार प्रोजेक्ट विकणाऱ्यांकडून तो आणायचा मोह होतो. पैसे जातात, अहवाल बाइंडिंग होऊन येतो आणि व्हायवाला एकालाही कोड उघडून दाखवता येत नाही. यावर शिक्षेपेक्षा चांगला उपाय आहे : विषय असा द्यावा की तो कुठल्याही दुकानात तयार मिळणारच नाही.

वाशिममध्ये असे विषय कमी नाहीत. २०१८ साली केंद्राने विकासात मागे पडलेले जे ‘आकांक्षित’ जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातले चार होते आणि वाशिम त्यातला एक. इथे मोठ्या आयटी कंपन्या नाहीत, ही तक्रार नेहमी ऐकू येते. कॅपस्टोनला कंपनी लागत नाही. अडलेला माणूस लागतो. एक विषय घेऊन शेवटपर्यंत चालून बघू.

दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्हाभर सोयाबीन निघतं आणि बाजार समित्यांच्या यार्डात गाड्यांची रांग लागते. भाव ठरताना माती-काडीकचरा पाहिला जातो, पण खरा वाद ओलाव्यावर होतो. हमीभावाच्या खरेदीत नेहमीचा निकष १२ टक्क्यांचा आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने तो १५ टक्क्यांपर्यंत सैल केला होता. शेतकरी मात्र घरून निघताना आपल्या मालात किती ओलावा आहे ते फक्त दाताखाली दाणा धरून ओळखतो. यार्डात मापकाने आकडा दाखवला की तो मान्य करण्यावाचून त्याच्या हातात काही उरत नाही. गाडीभाडं तर दिलेलंच असतं. समजा, चार जणांच्या एका ग्रुपने विषय घेतला : घरच्या घरी ओलावा दाखवणारं, परवडणारं उपकरण आणि त्याला जोडलेलं मोबाइल अॅप.

पहिले तीन-चार आठवडे कोडची एकही ओळ लिहू देऊ नये. यार्डात जावं. अडत्याला भेटावं, मापाऱ्याला भेटावं, हमालाला भेटावं, रांगेत उभ्या असलेल्या काकांना भेटावं आणि ऐकावं. इथे मुलांचे अंदाज एकेक करून गळून पडतात, ते मला या अभ्यासक्रमातलं सर्वांत मोलाचं शिक्षण वाटतं. शेतकऱ्याला ‘१३.७ टक्के’ हा आकडा नको असतो. ‘उद्या न्यावं की दोन दिवस ऊन दाखवावं’ एवढं त्याला हवं असतं. शेतात रेंज असेलच असं नाही, म्हणून अॅप इंटरनेटशिवाय चाललं पाहिजे. भर उन्हात फिकट रंग दिसत नाहीत. एखादा उत्साही म्हणेल, यातच वजनकाटाही बसवू. तेव्हा गाईड शिक्षकाने त्याला कायदा वाचायला पाठवावं. वैध मापन शास्त्राच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे व्यवहारासाठी वापरायचा काटा तपासून मुद्रांकित केलेला लागतो. चौघांनी बसून काटा वगळायचा ठरवला आणि त्याचं कारण लिहून ठेवलं, तर तो वेळ वाया गेला असं मी मुळीच म्हणणार नाही. काय करायचं नाही हे ठरवणं आणि ते चौघांनाही पटवणं, हे अभियंत्याचंच काम आहे.

मग कामाची वाटणी. एकीकडे सेन्सर आणि त्याचं सर्किट, दुसरीकडे मायक्रोकंट्रोलरमधला प्रोग्राम, तिसरीकडे अॅप, चौथीकडे चाचण्या आणि नोंदी. वाटणी झाली की चौघं चार दिशांना जातात आणि थेट सबमिशनच्या आदल्या आठवड्यात भेटतात. ग्रुप कोसळतो तो इथे. ईएसपी-३२ सारखी चिप सेन्सरचं वाचन ० ते ४०९५ अशा आकड्यात देते. सेन्सरवाल्याने तोच आकडा पुढे ढकलला आणि अॅपवालीने तो टक्के समजून घेतला, की दोघांचंही काम बरोबर असून पडद्यावर ‘ओलावा २१०० टक्के’ येतं. चूक कुणा एकाची नसते. त्या जोडीत कुणी बोललेलंच नसतं.

यावर उपाय जुना आणि पक्का आहे. प्रत्यक्ष बांधणीचं काम सुरू झालं की त्याच्या पहिल्या तीन आठवड्यांत सगळ्या भागांचा नुसता सांगाडा जोडून घ्यायचा. सेन्सरऐवजी प्रोग्रामनेच खोटा आकडा पाठवावा, पण तो सगळा प्रवास करून मोबाइलच्या पडद्यावर उमटला पाहिजे. कोणत्या भागातून कोणत्या भागात काय जाणार, कोणत्या एककात, दशांशानंतर किती स्थळं, सेन्सर बंद पडला तर काय पाठवायचं, हे एका पानावर लिहून चौघांनी त्याखाली सही करावी. त्यानंतर दर आठवड्याला खोट्या भागाच्या जागी खरा भाग बसवत जायचं. अशा ग्रुपकडे कुठल्याही शुक्रवारी दाखवायला काहीतरी चालू स्थितीत असतं, अर्धवट का होईना.

आकडा बरोबर आहे हे कशावरून, हा पुढचा प्रश्न. स्वस्त सेन्सर सहसा दाण्यांची विद्युतधारिता मोजतात आणि त्यावर तापमानाचा, दाणे किती दाबून भरले याचाही परिणाम होतो. एकाच कट्ट्यातल्या तीन मुठी तीन वेगळे आकडे देतील. म्हणून तुलनेसाठी भट्टीत वाळवून केलेलं वजन, म्हणजे प्रमाण पद्धत लागते. इथे रिसोड तालुक्यातल्या करडा इथल्या कृषी विज्ञान केंद्रासारखी किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारखी संस्था जवळ असणं हे वाशिमच्या मुलांचं भाग्य आहे. जाऊन विचारलं पाहिजे. अहवालात ‘उपकरण यशस्वी झालं’ लिहिण्यापेक्षा ‘आमचं वाचन प्रमाण पद्धतीपेक्षा इतक्या टक्क्यांनी वर-खाली जातं आणि म्हणून सीमारेषेवरच्या मालाबद्दल आम्ही सल्ला देत नाही’ असं लिहिणारा ग्रुप मला जास्त गुणांचा वाटतो.

ग्रुप कुणी पाडावेत? शिक्षकांनी. मुलांवर सोडलं तर मित्र मित्र एकत्र येतात, हुशार हुशारांकडे जातात आणि उरलेल्यांचा एक ग्रुप होतो. गटशिक्षणावर दीर्घकाळ काम केलेले रिचर्ड फेल्डर यांचाही हाच सल्ला आहे. सुरुवातीच्या वर्षांत एखाद्या गटात एकटीच मुलगी पडू नये, असंही ते सांगतात. आपल्याकडे हे फार गांभीर्याने घ्यायला हवं. मानोऱ्याहून किंवा मालेगावहून एसटीने येणाऱ्या मुलीला संध्याकाळची गाडी चुकवून लॅबमध्ये थांबता येत नाही. मग तिच्या वाट्याला अहवाल टाइप करणं आणि पीपीटी बनवणं येतं आणि वर्षाच्या शेवटी ती सर्किटला हात न लावताच पास होते. हे टाळायचं तर ग्रुपच्या कामाची वेळ कॉलेजच्या वेळापत्रकातच बसवावी, आणि अहवाल लिहिण्याचं काम चौघांत फिरतं ठेवावं.

गुणांचा प्रश्न सर्वांत नाजूक. चौघांना सरसकट सारखे गुण दिले तर राबणाऱ्यावर अन्याय होतो. नुसते वेगवेगळे दिले तर ग्रुप फुटतो. कॉफमन, फेल्डर आणि फुलर यांनी २००० मध्ये मांडलेली रीत मला समतोल वाटते. ग्रुपच्या कामाला आधी एकच गुण द्यायचा, समजा ५० पैकी ४०. मग प्रत्येकाने आपल्यासकट सगळ्यांना गुप्तपणे गुण द्यायचे : वेळेवर येणं, कबूल केलेलं पार पाडणं, दुसऱ्याला मदत करणं यावर, हुशारीवर नव्हे. समजा पाचपैकी सरासरी आल्या ४.५, ४.२, ४.३ आणि ३.०. ग्रुपची सरासरी ४.०. ज्याला ३.० मिळाले त्याचं गुणोत्तर ०.७५, म्हणून त्याला ४० ऐवजी ३०. वरच्या बाजूला १.०५ ची मर्यादा असते, म्हणून बाकी तिघांना ४२. दोस्तीत सगळे सगळ्यांना पाच देऊन मोकळे होतील, ही भीती खरी आहे. म्हणून याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी लागतात : प्रोजेक्ट डायरीतली दर आठवड्याची नोंद, आणि व्हायवाच्या दिवशी प्रत्येकाला समोर बसवून करायला लावलेला एक लहानसा बदल. ‘सीमा १२ वरून १५ कर आणि चालवून दाखव.’ ज्याने काम केलं आहे त्याला ते काही मिनिटांत जमतं. कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटमधल्या कमिटची, म्हणजे नोंदींची, संख्या मोजून गुण देणं मात्र टाळावं. ती संख्या कुणीही फुगवू शकतो, आणि दोन दिवस विचार करून एकच नेमकी ओळ बदलणारा मुलगा त्यात हरतो.

एका गाईडकडे फार ग्रुप असले की दर आठवड्याची भेट नावापुरती उरते. तरीही ती सोडू नये. वीस मिनिटं पुरतात. काय झालं, काय अडलं, पुढच्या भेटीपर्यंत कोण काय करणार, हे तीनच प्रश्न विचारावेत आणि उत्तर चौघांपैकी वेगवेगळ्याने द्यावं.

शेवटची विनंती या अभ्यासक्रमाच्या बाहेर असलेल्या वाचकांना आहे. तुम्ही वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा किंवा मानोऱ्यात अडत चालवत असाल, शेतकरी उत्पादक कंपनी सांभाळत असाल, ग्रामपंचायतीत किंवा आरोग्य केंद्रात काम करत असाल, तर जवळच्या तंत्रनिकेतनात किंवा इंजिनिअरिंग कॉलेजात सत्र सुरू होण्याआधी जा आणि विभागप्रमुखांना तुमची एखादी रोजची अडचण सांगा. सोबत एवढंच कबूल करा, की महिन्यातून एक तास चार मुलांशी बोलाल आणि त्यांनी केलेलं आवडलं नाही तर स्पष्ट सांगाल. पैसे देण्याची गरज नाही.