कुणाचंच काम नसलेला संगणक

सुरतेतल्या कतारगामच्या एखाद्या हिरा कारखान्यात शेठनं खोट्या हिऱ्यांची पुडी मुद्दाम उघड्या खणात ठेवली, तर तिला हात लावायचं कुणालाच कारण नसतं. हात लागलाच, तर चौकशी सुरू. ‘हनीपॉट’ हे असंच संगणकी आमिष. नेटवर्कवर एक संगणक ठेवायचा, तो खरा वाटेल असा सजवायचा आणि त्याचा पत्ता कुणालाही द्यायचा नाही. मग तिथं जो येईल तो चुकून आलेला किंवा चोर. अशी अनेक आमिषं एकत्र गुंफली की झालं ‘हनीनेट’.

या युक्तीचा सर्वांत रंजक किस्सा एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतला आहे. ऑगस्ट १९८६. कॅलिफोर्निया विद्यापीठ चालवत असलेल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटांची तूट आली. ती शोधायचं काम क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाकडे आलं. दुसऱ्या कुणी ७५ सेंट खिशातून भरून वही मिटली असती. स्टोल यांनी मात्र ही तूट कुणा घुसखोरामुळं आल्याचं ओळखलं, बाहेरून येणाऱ्या लाइनींना प्रिंटर जोडले आणि त्याची प्रत्येक कळ कागदावर उतरवून घेतली. घुसखोर लष्करी संगणक धुंडाळत होता. त्याचा माग जर्मनीपर्यंत लागला, पण तिथल्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कॉल शोधायला वेळ लागे आणि तोवर हा पठ्ठ्या लाइन सोडून जाई. तेव्हा स्टोल यांनी अमेरिकेच्या क्षेपणास्त्र-संरक्षण प्रकल्पाच्या बनावट फायली रचून ठेवल्या. त्या वाचत घुसखोर रेंगाळला आणि पत्ता लागला: हॅनोव्हरचा मार्कुस हेस. चोरलेली माहिती केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला विकली जात होती.

पुढे १९९९ मध्ये लान्स स्पिट्झनर यांच्या पुढाकारानं ‘हनीनेट प्रोजेक्ट’ सुरू झाला आणि एका हट्टी माणसाच्या उद्योगाला शिस्त आली.

विद्यापीठांना हे साधन विशेष जुळतं, कारण त्यांना दार लावून बसता येत नाही. वसतिगृहातले लॅपटॉप, पाहुण्या संशोधकांची खाती, प्रत्येक विभागाचा वेगळा सर्व्हर, प्रयोगशाळेत कुणी हात न लावलेलं जुनं यंत्र, सगळं एकाच जाळ्यात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेनं २००२ मध्ये हनीनेट उभारलं, तेव्हा तिच्या आवारात तीस हजारांवर संगणक होते आणि इंटरनेटच्या वेशीवर फायरवॉल नव्हती. त्या हनीनेटनं बाहेरच्यांबरोबर घरचे चोरही दाखवले: आधीच ताबा गेलेले आवारातलेच संगणक शेजारची दारं वाजवत होते. वेशीवरच्या पहाऱ्याला हे दिसत नाही. म्हणून आमिष परीक्षा विभागाजवळ, वसतिगृहाच्या जाळ्यातही हवं.

आमिषाचे दोन प्रकार. एक नुसतं सोंग: ‘काउरी’सारखी मोफत प्रणाली सर्व्हर असल्याचं भासवते आणि वापरून पाहिलेले पासवर्ड, टाइप केलेल्या आज्ञा टिपून ठेवते. दुसऱ्यात खराखुरा संगणक चोराच्या हवाली करतात. त्यातून शिकायला पुष्कळ मिळतं, पण धोकाही तितकाच. त्या संगणकावरून दुसऱ्या कुणावर हल्ला झाला, तर नाव विद्यापीठाचं जाईल. म्हणून बाहेर जाणारी वाहतूक आधीच आवळावी लागते.

सोंग आपल्याच बाजूनं असतं असंही नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा एटीएमच्या व्यवहारांना परवानगी देणाऱ्या यंत्रणेची बनावट प्रतिकृती चोरांनीच उभी केली होती.

आपल्या महाविद्यालयांत हे सुरू करायला फार पैसा लागत नाही: एक जुना संगणक, मोफत सॉफ्टवेअर, न वापरलेला एक पत्ता आणि संस्थेची लेखी परवानगी. अडतं ते माणसापाशी. रोज सकाळी त्या नोंदी वाचणारं आणि गडबड दिसताच त्या विभागाची लाइन तोडायचा अधिकार असलेलं कुणी नेमता येत नसेल, तर आमिष लावूच नका.