आवृत्तिक्रमांक आणि सुसंगतीचे धोरण : अर्धा ‘र’ व ‘ॲ’ यांच्या निमित्ताने

लीळाचरित्रातील लीळेचा नुसता क्रमांक देऊन भागत नाही, हे महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासकास सांगावयास नको. ह. ना. नेने यांनी नागपुरात सिद्ध केलेली प्रत आणि वि. भि. कोलते यांनी संपादिलेली, १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेली प्रत यांतील लीळांचे क्रमांक सर्वत्र जुळत नाहीत. म्हणून कोणत्या प्रतीतील क्रमांक, हे सांगितल्याखेरीज संदर्भ पुरा होत नाही. तथापि येथे वाचक माणूस असतो. लीळा सांगितलेल्या ठिकाणी न आढळल्यास तो मागची-पुढची पाने चाळतो आणि बहुधा तिचा शोध लावतो. संगणकाच्या ठायी ही चिकाटी नाही. त्याला दिलेला संकेत जुळला तर काम होते; न जुळला तर ते थांबते, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीचे होऊनही बिनबोभाट पुढे जाते.

सॉफ्टवेअरच्या परिभाषेत लायब्ररी म्हणजे ग्रंथालय नव्हे. अनेक प्रोग्रॅमांना लागणारी कामे, उदाहरणार्थ शब्दांची अकारविल्हे लावणे, तारीख मांडणे, जोडाक्षर पडद्यावर उमटविणे, एकदाच लिहून एकत्र ठेवलेला तो संग्रह होय. प्रोग्रॅम लिहिणारा ही कामे स्वत: करीत नाही, तो लायब्ररीतील कार्य नावाने बोलावतो व विशिष्ट उत्तराची अपेक्षा धरतो. लायब्ररीच्या कर्त्याने त्या कार्याचे नाव बदलले, किंवा नाव तेच ठेवून उत्तराची रीत बदलली, तर त्याने कधी न पाहिलेले शेकडो प्रोग्रॅम एका दिवसात बिघडू शकतात. बदल करणारा एक आणि त्याची किंमत मोजणारे दुसरेच, हे या व्यवहाराचे मर्म आहे. आवृत्तिक्रमांक हा या दोघांमधील करार होय.

या कराराचा आज सर्वाधिक प्रचलित असलेला मसुदा टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी ‘सिमँटिक व्हर्जनिंग’ या नावाने मांडला. त्यात क्रमांकाचे तीन भाग असतात. केवळ दोष दुरुस्त केला असेल तर तिसरा अंक वाढवावा. जुने काही न मोडता नवे घातले असेल तर दुसरा. आणि जुने मोडणारा बदल केला असेल तर पहिला. पहिला अंक शून्य असेतोवर मात्र कोणतेच वचन नाही. यातील बिंदू दशांशचिन्ह नव्हे, हे नवशिक्याने ध्यानात ठेवावे. १.१० ही आवृत्ती १.९ च्या नंतरची असते, आधीची नव्हे. हा घोटाळा जाणत्यांनाही चुकत नाही. युनिकोडविषयक कामांची सुप्रसिद्ध लायब्ररी ‘आयसीयू’ हिने ४.८ नंतरच्या आवृत्तीस २०१२ मध्ये सरळ ४९ म्हटले आणि मधला बिंदूच काढून टाकला. हीच लायब्ररी आपल्या कार्यांच्या नावांना आवृत्तिक्रमांकाचे शेपूट जोडते, त्यामुळे तिच्या दोन आवृत्त्या एकाच यंत्रावर एकमेकींच्या वाटेत न येता नांदू शकतात.

परंतु अंक काय सांगतो हे सर्वस्वी धोरणावर अवलंबून असते. युनिकोड या लिपिसंकेताच्या आवृत्त्यांनाही असेच तीन भाग आहेत. अलीकडे तिचा पहिला अंक बहुतेक दरवर्षी वाढत गेला आहे, १६.० ही आवृत्ती २०२४ ची, १७.० ही २०२५ ची. प्रेस्टन-वर्नर यांच्या हिशेबाने याचा अर्थ दरवर्षी जुने मोडले असा होईल. वस्तुत: घडले ते नेमके उलट. १९९६ च्या २.० या आवृत्तीत कोरियन अक्षरांची जागा बदलण्यात आली आणि त्याआधी साठविलेला कोरियन मजकूर निरर्थक ठरला. त्या अनुभवानंतर असा दंडक घालण्यात आला की, एकदा दिलेला संकेत पुन्हा हलवावयाचा नाही, काढावयाचा नाही, त्याचे अधिकृत नावही बदलावयाचे नाही. नाव चुकीचे ठरले तरी नाही. भर मात्र हवी तितकी घालता येते.

‘भर निरुपद्रवी असते’ या गृहीतावर हे सारे धोरण उभे आहे. मराठीचा अनुभव या गृहीताची परीक्षा घेणारा आहे.

युनिकोडमधील देवनागरीची मांडणी भारतीय लिपींच्या ‘इस्की’ या संकेताच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये इस्कीची सुधारलेली आवृत्ती प्रसिद्ध केली, परंतु तोवर युनिकोडची पहिली आवृत्ती बाहेर पडली होती. म्हणजे ज्या पायावर इमारत उभी राहिली, त्याचीच आखणी मागाहून बदलली. इमारत आहे तेथेच राहिली.

मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत तर गुरू व स्वयंपाकी इतके अंतर आहे. हिंदीला या आडव्या अर्ध्या ‘र’ची गरज पडत नाही, मराठीला पडते. इस्कीच्या रीतीप्रमाणे तो नुक्तायुक्त ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहावा. युनिकोडच्या २.० आवृत्तीत मात्र साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे ‘झिरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य जोडचिन्ह अशी रीत होती. पुढील आवृत्त्यांनी इस्कीची रीत नियम म्हणून दिली आणि २.० शी सुसंगती राखण्यासाठी दुसरी रीतही उपनियम म्हणून कायम ठेवली. कोणाचाही जुना मजकूर मोडला नाही. पण एकाच अक्षराची दोन लेखने कायमची मान्य झाली, आणि त्या दोहोंमध्ये युनिकोडने समतुल्यता सांगितलेली नाही. कागदावर ती तंतोतंत सारखी दिसतात. यंत्राला ती दोन वेगळे शब्द वाटतात.

‘ॲ’ची हकीकत याहून बोलकी आहे. ‘ऑ’ला पहिल्यापासून स्वतंत्र स्थान होते, ‘ए’वर चंद्र काढलेल्या ‘ऍ’लाही होते. मराठीत रूढ असलेला ‘अ’वरचा चंद्र मात्र राहून गेला. साहजिकच लोकांनी ‘अ’ला चंद्राची मात्रा जोडून काम चालविले, आणि अशा रीतीने पुष्कळ मजकूर साठला. २००८ मध्ये ५.१ या आवृत्तीत ‘ॲ’ला ०९७२ हा स्वतंत्र संकेत मिळाला. ज्याप्रमाणे ‘आ’ हा ‘अ’ अधिक काना असा मानला जात नाही, त्याप्रमाणे ‘ॲ’ही जोडून झालेला मानला गेला नाही. तेव्हा जुन्या लेखनाशी त्याचे समीकरण नाही. जुनी रीत वापरू नये, एवढा निर्देश मानकात आहे. परंतु साठलेल्या मजकुराला निर्देश वाचता येत नाहीत. क्रमांकाच्या भाषेत ही निव्वळ भर होती, काहीच मोडले नव्हते. व्यवहारात ‘ॲसिड’ शोधणाऱ्यास २००८ पूर्वीचे ‘अॅसिड’ सापडेनासे झाले. जे आधी एकच होते ते भर पडल्याने दोन झाले, ही गोष्ट तीन अंकांच्या कोणत्याही पद्धतीत नोंदविता येत नाही.

जुन्याचे काय करावयाचे, या प्रश्नाला मराठीने स्वत:च्या घरी वेगळे उत्तर दिलेले आहे. विदर्भ साहित्य संघ ज्याचा एक घटक, त्या मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये लेखनाचे १४ नियम केले व १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर घातली. या नियमावलीत सुसंगतीचे कलमही आहे : केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य उद्धृत करताना मुळाबरहुकूम छापावे, त्यानंतरचे मात्र नव्या नियमांनी. म्हणजे काळाची एक रेषा आखून तिच्या अलीकडचे सारे बदलून घेण्याची मुभा दिली. हे मुद्रकाला साधले, कारण प्रत्येक पुनर्मुद्रण माणसाच्या डोळ्यांखालून जाते. लक्षावधी यंत्रांवर विखुरलेल्या मजकुरास अशी रेषा आखता येत नाही. म्हणून युनिकोडचे कठोर धोरण, त्याची सारी गैरसोय मान्य करूनही, योग्यच म्हणावे लागते. केवळ त्यातून उरलेले काम लायब्ररीच्या व तिचा उपयोग करणाऱ्याच्या माथी येते.

मराठी शब्दसंग्रहावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने त्यासाठी दोन गोष्टी कराव्यात. आपण कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती वापरली व ती युनिकोडच्या कोणत्या आवृत्तीस धरून आहे, हे प्रबंधात ग्रंथाच्या आवृत्तीइतक्याच काटेकोरपणे नोंदवावे. आणि मोजणीपूर्वी दोन्ही अक्षरांची लेखने एका रीतीवर आणावीत. यात क्रम महत्त्वाचा आहे. ‘ॲ’चे रूपांतर केव्हाही करता येते, अर्ध्या ‘र’चे मात्र सर्वांआधी करावे. कारण शोध व अनुक्रम यांसाठी मजकूर सिद्ध करताना अदृश्य जोडचिन्हे निरर्थक समजून गाळण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ते चिन्ह आधी गाळले गेले, तर २.० च्या रीतीने लिहिलेल्या सर्व दऱ्यांचा दर्या होतो, आणि मग कोणत्याही आवृत्तीच्या कोणत्याही लायब्ररीस त्या पुन्हा वेगळ्या काढता येत नाहीत.