डोंगरवाटेवर जीप तापते तेव्हा : कारण कसे शोधावे?

सह्याद्रीच्या डोंगरात, जिथे डांबरी रस्ता संपतो आणि एस.टी. पोहोचत नाही, तिथे जीप हेच माणसांचे वाहन ठरते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्रा कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि तेव्हापासून या गाडीने आपल्याकडचे घाट, नाले आणि चिखलवाटा तुडविल्या आहेत. बाजारहाट असो, शाळेची मुले असोत की दवाखान्यात न्यायचा रोगी असो, गाडी हीच. वडापची एक जीप म्हणजे अनेकदा एका कुटुंबाचे पोट असते. म्हणून ‘इंजिन गरम होते’ ही तक्रार किरकोळ समजून चालत नाही. तापलेले इंजिन तसेच दामटले तर हेड गॅस्केट जळते, हेड वाकते आणि शेवटी पिस्टन अडकून इंजिन जॅम होते. एक पट्टा बदलण्याचा कंटाळा केला म्हणून सबंध इंजिन उतरविण्याची पाळी येते.

मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेणारे विद्यार्थी आणि स्वतः गाडी चालविणारे सभासद यांच्यासाठी प्रस्तुत लेखात आम्ही या दोषाचे निदान कसे करावे याचा विचार करणार आहोत. आमचे सांगणे थोडक्यात असे की, एकामागून एक पार्ट बदलत बसू नये. गाडी नेमकी केव्हा तापते, हे आधी विचारावे. निम्मे उत्तर त्यातच असते.

उष्णता कोठे जाते?

डिझेल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश उष्णतेचे काम होते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून धुरावाटे जाते आणि उरलेली बरीचशी पाण्यावाटे रेडिएटरमध्ये येते. वॉटर पंप पाणी फिरवतो, थर्मोस्टॅट त्याची वाट उघडतो किंवा बंद करतो, रेडिएटरच्या नळ्यांतून पाणी उतरते आणि जाळीतून जाणारा वारा ते थंड करतो. थर्मोस्टॅट बहुधा ८२ ते ८८ अंश सेल्सिअसच्या सुमारास उघडू लागतो.

यात रेडिएटरच्या टोपणाचे महत्त्व फार थोड्यांच्या लक्षात येते. प्रेशर कुकरच्या शिट्टीचे जे काम, तेच या टोपणाचे. साधे पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळते. सुमारे १३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरला ते ९५-९६ अंशांवरच उकळते. परंतु टोपणाने ०.९ बारचा दाब धरला, तर समुद्रसपाटीला हाच बिंदू सुमारे ११८ अंशांवर जातो. टोपणाचे रबर चिरले किंवा स्प्रिंग ढिली पडली, की हा लाभ संपतो आणि घाटात पाणी उकळून बाहेर पडते. जुन्या जीपचे टोपण कमी दाबाचे असते. म्हणून बदलताना त्यावरचा आकडा पाहूनच घ्यावे.

गाडी केव्हा तापते?

डोंगरवाटेवर गाडी पहिल्या गिअरमध्ये, लो रेशोमध्ये, माणसाच्या चालीने चढते. इंजिनावर ओझे पूर्ण असते, मात्र समोरून वारा नसतो. सारी भिस्त पंख्यावर. अशा वेळी गाडी तापत असेल आणि सपाट रस्त्यावर वेग घेताच काटा खाली येत असेल, तर दोष बहुधा वाऱ्याच्या वाटेत आहे. फॅन बेल्ट ढिला आहे काय, चिखलपाण्याने घसरतो काय, पंख्याभोवतीचे आच्छादन काढून टाकले आहे काय, हे पाहावे. जाळीत चिखल, गवताचे तूस आणि किडे भरलेले असतात. इंजिन थंड असताना आतल्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने पाणी मारून ती धुवावी. जोराच्या धारेने जाळीचे पातळ पत्रे दुमडतात. समोर हौसेने लावलेले मोठे दिवेही वारा अडवतात. व्हिस्कस फॅन असेल, तर तापलेले इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवून पाहावा. तो अडखळत फिरला पाहिजे. भिंगरीसारखा सुटा फिरला, तर त्याचा क्लच गेला. पंखा विजेवरचा असल्यास मात्र त्याला हात लावू नये, कारण इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होऊ शकतो. त्याचा फ्यूज, रिले आणि जोडण्या तपासाव्यात.

उलट, हळू चालताना गाडी ठीक असते पण भरल्या ओझ्याने वेगात धावली की तापते, असे असेल तर संशय पाण्याच्या प्रवाहावर घ्यावा. बोअरचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे भरले, तर रेडिएटरच्या नळ्यांत खापरीसारखा थर बसतो. अशा रेडिएटरचा काही भाग गरम आणि काही भाग थंड लागतो. खालचा होज पाइप मऊ पडला असेल, तर इंजिनाचा वेग वाढताच पंपाच्या ओढीने तो आत दबतो. इंजिन तापले असूनही वरचा होज थंडच राहिला, तर थर्मोस्टॅट उघडत नाही असे समजावे. तो काढून, भांड्यात पाण्याबरोबर तापवून उघडतो की नाही, हे डोळ्यांनी पाहता येते.

तिसरा प्रकार अधिक गंभीर आहे. थंड इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच होज दगडासारखे कडक होतात, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून पांढरा धूर जात राहतो किंवा ऑइल दुधाळ दिसते. ही हेड गॅस्केट गेल्याची किंवा हेडला तडा गेल्याची चिन्हे आहेत. येथे पाणी भरत राहणे हा उपाय नव्हे. गाडी चालवू नये.

काट्यावर किती विसंबावे?

पाणी पार निघून गेले, तर काट्याचा सेन्सर कोरडा पडतो. मग इंजिन भाजत असतानाही काटा खाली दिसू शकतो. म्हणून रोज सकाळी इंजिन थंड असताना पाण्याची पातळी पाहावी. पातळी वरचेवर घटत असेल, तर होजचे सांधे, पंपाखालचे छिद्र आणि रेडिएटरचा तळ पाहावा. कोठेच गळती नसेल, तर पाणी इंजिनाच्या आत जात असावे. कधी कधी कूलिंग पूर्ण ठीक असते आणि ब्रेक धरून राहणे, क्लच घसरणे, इंजेक्शन पंपाचे टायमिंग चुकणे यांमुळेही इंजिनावर भार पडतो. हेही विसरू नये.

दोन चुकीच्या समजुती

‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील,’ असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने खरा दोष केवळ झाकला जातो. शिवाय इंजिन नीट गरम होत नाही, डिझेल जास्त जळते आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्याने बायपासची वाट उघडीच राहते आणि पाणी रेडिएटरला टाळून आतल्या आत फिरते. दुसरी समजूत म्हणजे नुसते पाणी पुरेसे आहे. कूलंट उकळबिंदू काही अंशांनी वाढवते आणि मुख्यतः आतला गंज रोखते. ते कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच भरावे.

वाटेत काय करावे?

काटा चढू लागताच सावलीत, सपाटीवर थांबावे. पाणी शाबूत असेल, तर इंजिन लगेच बंद न करता थोड्या वाढीव आयडलवर चालू ठेवावे, म्हणजे पंप आणि पंखा फिरत राहतात. हीटर असल्यास तो पूर्ण सुरू करावा. वाफ येत असेल किंवा पाणी वाहत असेल, तर मात्र तत्काळ बंद करावे. बॉनेट उघडून किमान अर्धा-पाऊण तास थांबावे. गरम टोपण फडके धरूनही उघडू नये. दाबाखालचे पाणी क्षणात उसळते, आणि हात-तोंड भाजते ते बहुधा क्लीनरचे, म्हणजे गाडीवरच्या सर्वांत लहान पोराचे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. चढावर मोठ्या गिअरमध्ये रेटण्यापेक्षा खालचा गिअर घ्यावा. पट्ट्यावरचे पंप आणि पंखा इंजिनाबरोबरच वेग घेतात.

विद्यार्थी मित्रांना आमचे सांगणे आहे की, एक छोटी वही बाळगा. गाडी कोठे, किती ओझ्याने आणि किती वेळाने तापली, ते लिहा. स्वस्त आणि सोप्या गोष्टी आधी तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्याच चढावर पुन्हा पाहा. असे काम करणाऱ्या मेकॅनिकला गिऱ्हाइकाचा पैसा वाया घालवावा लागत नाही. पावसाळ्यातल्या रात्री त्याच्या हातची गाडी रोग्याला घेऊन घाट चढेल, याची खात्री गावालाही राहते.