भूक मेली, की मन?

आजोबांचा सदरा ढगळ होऊ लागला, आजी अर्ध्या पोळीवर उठू लागल्या, की घरचे म्हणतात, ‘वयच झालं आता.’ डॉक्टरांपुढेही तक्रारी शरीराच्याच: झोप नाही, पोट साफ नाही, अंग दुखतं. उदास वाटतं, असं त्या पिढीतलं सहसा कोणी बोलून दाखवत नाही.

देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८मध्ये केलेल्या देशव्यापी ‘लासी’ पाहणीत पंचेचाळिशीपुढचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जणांची माहिती गोळा झाली. साठीपुढच्या सुमारे ८ टक्के लोकांना नैराश्य असावं, असं प्रश्नावलीतून दिसलं; तसं निदान झाल्याचं सांगणारे मात्र १ टक्काही नव्हते. याच वयाचे २७ टक्के लोक कमी वजनाचे, तर २२ टक्के जादा वजनाचे निघाले.

दोन्ही टोकं धोक्याची. २०१०च्या एका संशोधन-आढाव्यानुसार लठ्ठ व्यक्तींना पुढे नैराश्य येण्याची शक्यता ५५ टक्क्यांनी जास्त, आणि नैराश्यग्रस्तांना लठ्ठपणा येण्याची ५८ टक्क्यांनी. गुडघे दुखतात म्हणून फिरणं बंद, कट्ट्यावरची मंडळी तुटली, वजन वाढलं, गुडघे आणखी कुरकुरले.

मंदावलेला थायरॉइड किंवा बी-१२ची कमतरताही नैराश्यासारखीच दिसू शकते. म्हणून रक्ततपासणी आधी हवी. नुसतं ‘मन रमवा’ सांगणं हा हलगर्जीपणाच. (कवळी नीट बसत नाही म्हणून जेवण टाकणारेही असतात!)

प्रयत्न न करता वजन घटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मनाबद्दल बोलायचं असेल, तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतूनही.