खातोय तरी खंगतोय

अंबरनाथ पश्चिमेच्या बुवापाड्यासारख्या वस्तीत शुगर ‘निघते’ ती बहुतेकदा दुसऱ्याच कशाच्या तपासणीत. कुणाची कंपनीच्या मेडिकलमध्ये, कुणाची मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी, कुणाची पायाची जखम भरेना म्हणून. चिठ्ठीवर दोन गोळ्या लिहून मिळतात, भात-बटाटा बंद होतो, चहा बिनसाखरेचा होतो. इथवर सगळं ओळखीचं. पण काही घरांत पुढे वेगळंच घडतं. गोळ्या चालू, पथ्य चालू, तरी उपाशीपोटीची साखर दोनशेच्या खाली येत नाही आणि माणूस आटत चालतो. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागतं, गालाची हाडं वर येतात, अंगठी बोटातून निसटते. एमआयडीसीत पाळी करणारा, ओझी उचलणारा, मुळातच सडपातळ माणूस दोन-तीन महिन्यांत पाच-सहा किलो उतरतो. शेजारी म्हणतात, “बारीक झालास, बरं झालं. शुगरला वजन कमीच पाहिजे.”

हे कौतुक घातक आहे, म्हणून हा लेख. जाड माणसाचं वजन खाणं आवरून, चालून उतरलं आणि सोबत साखरही उतरली, तर त्याच्यासारखी चांगली गोष्ट नाही. पण साखर चढलेलीच आहे आणि वजन आपोआप घटतंय, अशी जोडी दिसली की समजावं, शरीर भरल्या ताटावर उपाशी आहे. सहा महिने-वर्षभरात वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो, कारणाशिवाय गेले तरी डॉक्टरी शास्त्र त्याला तपासणीचं कारण मानतं. तेवढं दोन महिन्यांत गेलं असेल तर पुढच्या महिन्याच्या तारखेची वाट पाहायची नसते.

घरातली बाई डॉक्टरांपुढे जो प्रश्न टाकते तो अगदी नेमका असतो: “डॉक्टर, पूर्वीपेक्षा जास्त जेवतात हो हे. मग जातं कुठं?”

जातं लघवीवाटे. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमपर्यंत असते तोवर मूत्रपिंडं गाळलेली सगळी साखर परत रक्तात घेतात. त्यापुढे त्यांना ती आवरत नाही. साखर लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. रात्री चार-चार वेळा उठणं आणि घशाला कोरड पडणं त्यातूनच येतं. समजा दिवसाला तीन लिटर लघवी होते आणि तिच्या दर १०० मिलिलिटरमध्ये ३ ग्रॅम साखर आहे. म्हणजे रोज ९० ग्रॅम साखर, ३६० उष्मांक, साडेतीनेक पोळ्या खाऊनही न खाल्ल्यासारख्या. महिन्याला हा आकडा १०,८०० उष्मांकांवर जातो, आणि तेवढ्यात जवळजवळ दीड किलो चरबी जळते.

आणि हा हिशेब तर अर्धाच. इन्सुलिनचं काम फक्त साखर उतरवणं एवढं नाही. जेवण झालं, आता साठवा, हा निरोप ते यकृताला, स्नायूंना, चरबीला देतं. निरोप पोचला नाही की शरीर दुष्काळात असल्यासारखं वागतं. चरबी वितळवतं, स्नायूंमधली प्रथिनं मोडतं, आणि यकृत त्या प्रथिनांपासून आणखी साखर तयार करतं. रक्तात साखर तुडुंब असतानाच नवी साखर बनते, तीही माणसाच्या स्वतःच्या मांसातून. दंड आणि मांड्या आधी का सुकतात, जिना चढताना पाय का भरून येतात, ते यावरून कळावं. अशा माणसाला “अजून कमी खा” म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

इन्सुलिन मिळण्याआधी या रोगाचं हेच रूप जगाला ठाऊक होतं. टोरांटोच्या रुग्णालयात ११ जानेवारी १९२२ रोजी ज्या लेनर्ड थॉम्सनला पहिलं इन्सुलिन टोचलं, तो १४ वर्षांचा मुलगा जेमतेम ६५ पौंडांचा, म्हणजे २९-३० किलोंचा होता. तेव्हाचा सर्वमान्य उपाय होता उपासमार. फ्रेडरिक अ‍ॅलन या अमेरिकन डॉक्टरांच्या पद्धतीत मुलांना इतकं कमी खायला देत की साखर आटोक्यात राहायची आणि मूल हाडांचा सापळा होऊन काही महिने अधिक जगायचं. एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी १९२२ च्या ऑगस्टमध्ये इन्सुलिनचे शोधक डॉ. बॅंटिंग यांच्याकडे आली तेव्हा १५ व्या वर्षी तिचं वजन ४५ पौंड, सुमारे २० किलो होतं. इन्सुलिन सुरू झालं, ती भरली, शिकली, संसार केला आणि १९८१ पर्यंत जगली. दिवाळीच्या मागेपुढे १४ नोव्हेंबरला जो जागतिक मधुमेह दिन येतो, तो या बॅंटिंग यांचा जन्मदिवस.

आपल्याकडच्या वैद्यांनी हा भेद फार आधी टिपला होता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेही दोन प्रकारचे सांगितले आहेत: एक स्थूल आणि बलवान, दुसरा कृश आणि दुर्बल. पहिल्याचं शोधन करावं, दुसऱ्याचं पोषण. आज मधुमेहाची जी पत्रकं वाटली जातात, ती जवळपास सगळी पहिल्यासाठी लिहिलेली असतात. पोट कमी करा, तेल कमी करा, एक पोळी कमी खा. बुवापाड्यातल्या त्या सडपातळ माणसाच्या हाती तेच पत्रक पडतं आणि तो मुकाट्याने पाळतो.

ही माणसं अपवाद आहेत का? याचं उत्तर पुण्यातून आलं आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षं याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची नोंद गर्भारपणाच्याही आधीपासून सुरू झाली. शेतात राबणाऱ्या, जेमतेम खाणाऱ्या या आयांची बाळं सरासरी २.७ किलोंची होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोंची. पण पुण्याच्या बाळांत तुटवडा होता तो मुख्यतः स्नायूंचा. चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला किरकोळ आणि आतून चरबीदार, असं हे भारतीय शरीर. २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचं छायाचित्र ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आलं. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचं सारखंच: २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा आणि आरसा दोन्ही आपल्या लोकांना फसवतात, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी दाखवलं असेल.

पुढचं काम आपल्या विषयाच्या अधिक जवळचं. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मोठ्या वयात होणाऱ्या मधुमेहाचे पाच गट पाडले होते. त्याच मापाने पुण्याच्या गटाने पंचेचाळिशीच्या आत ‘टाइप टू’ मधुमेह झालेल्या सोळाशेंच्या आसपास रुग्णांची छाननी केली आणि २०२२ मध्ये निष्कर्ष छापले. निम्म्याहून अधिक रुग्ण इन्सुलिनच्याच तीव्र टंचाईच्या गटात निघाले. पाश्चात्य पाठ्यपुस्तकातला टाइप टू म्हणजे सुटलेलं पोट आणि इन्सुलिनला न जुमानणारं शरीर. आपल्याकडच्या तरुण रुग्णात मात्र स्वादुपिंडाचा साठाच तोकडा पडतो. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेही १०.१ कोटी. त्यांतल्या सगळ्यांना एकच साचा लावून चालणार नाही.

कुपोषणातून येणाऱ्या मधुमेहाची कथा तर आणखी चटका लावणारी. त्याची पहिली नोंद १९५५ मध्ये जमैकातली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये त्याला वेगळा प्रकार मानलं आणि पुरावा अपुरा म्हणून १९९९ मध्ये यादीतून काढून टाकलं. गरिबाच्या रोगाचं नावच गेलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या कामानंतर एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘टाइप फाइव्ह’ म्हणून मान्यता दिली. सगळ्या तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. पण लहानपणी पोटाला कमी मिळालेल्या, बारीक अंगाच्या तरुणाची साखर वेगळी वागते, हे पुन्हा टेबलावर आलं, हे फार चांगलं झालं.

आता प्रत्यक्ष माणसाकडे. वजन उतरतंय, साखर चढतेय, तर डॉक्टरांच्या डोक्यात काय काय यायला हवं?

आपल्या भागात पहिला संशय टीबीचा. मधुमेह्याला क्षयाचा धोका इतरांच्या दोन ते तीन पट असतो आणि चाळी-झोपड्यांच्या दाटीत तो वाढतो. दोन्ही रोग माणसाला खंगवतात, त्यामुळे एकाच्या आड दुसरा लपून राहतो. वर क्षयाचा संसर्ग साखर चढवतो, चढलेली साखर क्षयाला बळ देते. दोन आठवड्यांहून लांबलेला खोकला, संध्याकाळची कणकण, रात्रीचा घाम यांतलं काहीही असेल तर बेडका आणि छातीचा एक्स-रे आधी. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत, आणि पोषणासाठी दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून पाचशेची हजार झाली आहे. एक बारीक पण मोलाची गोष्ट: क्षयावरचं रिफाम्पिसिन साखरेच्या काही गोळ्यांचा असर कमी करतं. म्हणून दोन्ही उपचार करणाऱ्यांना एकमेकांची चिठ्ठी दाखवायलाच हवी.

दुसरी शंका निदानाचीच. तिशी-चाळिशीतही शरीर स्वतःच्या इन्सुलिनच्या पेशी नष्ट करू लागतं. हा टाइप वनचाच सावकाश चालणारा भाऊबंद; वयामुळे त्यावर टाइप टूचा शिक्का बसतो, गोळ्या काही महिने चालतात आणि मग थकतात. जीएडी अँटिबॉडी आणि सी-पेप्टाइड या रक्ततपासण्यांवरून उलगडा होतो. सी-पेप्टाइड मात्र साखर थोडी ताळ्यावर आल्यावर करणं बरं. साखर फार चढलेली असताना स्वादुपिंड तात्पुरतं गळाठलेलं असतं आणि आकडा उगीच कमी येतो.

मग स्वादुपिंड स्वतः. दारूने किंवा इतर कारणांनी सुजून त्यात खडे झाले असतील तर पोटातून पाठीकडे जाणारी कळ आणि तेलकट, पाण्यावर तरंगणारं शौच ही खूण. पन्नाशीनंतर घराण्यात कुणाला नसताना अचानक मधुमेह उद्भवला आणि वजन झपाट्याने घसरलं, तर कर्करोगही पाहावा लागतो. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्यांत असा रुग्ण शंभरात एखादा असतो, घाबरण्याचं कारण नाही. पण सोनोग्राफीत काही दिसलं नाही म्हणून डॉक्टरांनी सीटी स्कॅन सुचवला तर टाळू नये. छातीत धडधड, हात थरथरणं असेल तर थायरॉइड.

औषधंही पाहावीत. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या मुद्दाम लघवीवाटे साखर सोडतात, त्यात दोन-तीन किलो जातात. पेटंट संपल्यावर २०२० पासून त्या स्वस्त झाल्या आणि घरोघरी पोचल्या. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्यांचा फायदा आहे. पण आटत चाललेल्या, इन्सुलिनची टंचाई असलेल्या रुग्णात त्या धोक्याच्या ठरू शकतात, कारण साखर फारशी न चढताही रक्तात कीटोन नावाचं आम्ल साठतं. मळमळ-उलट्या, पोटदुखी, खोल आणि भरभर श्वास, तोंडाला अति पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी: असं दिसलं तर सकाळची वाट न बघता रिक्षा करून रुग्णालय गाठायचं आणि कीटोन तपासा म्हणून स्वतः सांगायचं.

एक इशारा खास शेजारच्या उल्हासनगरसाठी. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत निर्वासित सिंधी बांधव आले आणि १९४९ मध्ये हे शहर उभं राहिलं. सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक इतरांपेक्षा जास्त आढळतात. वाहक असो की रक्तक्षय असलेली बाई, तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीएवनसी तपासणी अशांच्या बाबतीत चकवू शकते. सरासरी ठीक दिसते आणि वजन मात्र घसरतंय, असं असेल तर उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर पाहावी.

सगळ्यात मोठा अडसर इन्सुलिनच्या भीतीचा. “इंजेक्शनवर गेला, म्हणजे संपलं,” असं सरसकट बोललं जातं. ज्याचं मांस झडतंय त्याला शरीर पुन्हा भरण्याचा निरोप देणारं औषध तेच, आणि ते उशिरा देण्यात नुकसान आहे. पद्धत एकदा नीट बघून घ्यावी. आपल्याकडच्या साध्या कुपीत मिलिलिटरला ४० युनिट असतात, तिची सिरिंज लाल टोपणाची. केशरी टोपणाची सिरिंज १०० युनिटवाल्या कुपीसाठी. अदलाबदल झाली की डोस चुकतो. पोटावर रोज त्याच जागी टोचलं तर तिथे गाठ येते आणि औषध नीट शोषलं जात नाही. साखर उतरेना म्हणून डोस वाढवण्याआधी बोटाने ती जागा चाचपावी. फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात पाण्याने भिजत ठेवलेलं मातीचं भांडं चालतं: कुपी प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करून आत, भांडं सावलीत. उघडलेली कुपी साधारण चार आठवडे वापरावी.

इन्सुलिन सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत तहान आणि रात्रीचं उठणं कमी होतं, वजन वळायला काही आठवडे लागतात. या काळात डाळ, अंडी, शेंगदाणे, दही, मासे पोटभर खावेत. भात-पोळी मापात, पण बंद नाही. मेडिकलच्या दुकानातल्या एकाच काट्यावर, आठवड्यातून एकदा, वजन करून ते साखरेच्या वहीत आकड्याशेजारी लिहावं. टाइप वनच्या रुग्णाला इन्सुलिन कायम लागतं. इतरांत स्वादुपिंडाला विसावा मिळाल्यावर काहींचा डोस उतरतो, काही जण गोळ्यांवर परततात. तो निर्णय त्या वहीकडे पाहून डॉक्टर घेतात. वजन भरलं, बरं वाटलं म्हणून घरीच सुई बंद केली तर साखर आणि खंगणं दोन्ही परत सुरू होतात.