राउटरमधील अग्रक्रम आणि 'उर्वरित' वर्ग

छत्तीसगढमध्ये भिलाईजवळ चरोदा येथे रेल्वेचे मोठे मार्शलिंग यार्ड आहे. लोहमार्गाची क्षमता मर्यादित असल्याने कोणता माल आधी न्यावा, हा प्रश्न रेल्वेपुढे नेहमीच असतो. रेल्वे अधिनियम, 1989 च्या कलम 71 अन्वये केंद्र सरकार त्याविषयी निर्देश देऊ शकते. अशा अग्रक्रम आदेशांत लष्करी माल 'अ' वर्गात, तर 'अ', 'ब', 'क' यांत न बसणारा सर्व माल 'ड' वर्गात ठेवण्याची पद्धत राहिली आहे.

संगणक जाळ्यातील राउटरपुढेही हाच प्रश्न उभा राहतो. तेथे माहिती लहान लहान पॅकेटच्या रूपाने प्रवास करते. 1998 मधील आरएफसी 2474 या मानकाने पॅकेटच्या शीर्षभागात अग्रक्रमासाठी 6 बिटांचे चिन्ह निश्चित केले. त्यातून 64 मूल्ये मिळतात. ध्वनिसंभाषणासाठी सामान्यतः 46 हे मूल्य वापरतात, कारण एका दिशेचा विलंब 150 मिलिसेकंदांहून वाढल्यास संभाषणात अडथळा जाणवू लागतो. ई-मेलला मात्र काही सेकंदांचा विलंबही चालतो. कोणत्याही नियमात न बसणारे पॅकेट 'डीफॉल्ट', म्हणजेच उर्वरित वर्गात जाते. त्याचे मूल्य शून्य असते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे तीन बाबी महत्त्वाच्या आहेत. पहिली, वर्गीकरणाने क्षमता वाढत नाही. गर्दीच्या वेळी विलंबाची केवळ फेरवाटणी होते. दुसरी, चिन्ह लावण्यास खर्च येत नसल्याने प्रत्येकजण स्वतःला तातडीचा ठरवू शकतो. म्हणून जाळ्याच्या सीमेवरच अविश्वसनीय चिन्हे शून्यावर आणली जातात. तिसरी, उर्वरित वर्ग म्हणजे टाकाऊ वर्ग नव्हे. सामान्य नागरिकाचा ऑनलाइन अर्ज किंवा परीक्षेचा निकाल बहुधा याच वर्गातून जातो. त्याला किमान वाटा राखून न ठेवल्यास तो गर्दीत अडकून पडतो. सिस्को कंपनीच्या मार्गदर्शनात या वर्गासाठी किमान 25 टक्के क्षमता राखण्याची शिफारस आढळते.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने नोव्हेंबर 2017 मध्ये याविषयी शिफारशी केल्या व जुलै 2018 मध्ये सरकारने त्या स्वीकारल्या. त्यानुसार आशयाच्या आधारे भेदभाव करता येत नाही. वाजवी वाहतूक व्यवस्थापनास मात्र मुभा आहे. गरजेनुसार दिलेला अग्रक्रम आणि पैशाने विकत घेतलेला अग्रक्रम यांतील हा भेद विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. जाळे किती न्याय्य आहे, हे अखेर त्याच्या उर्वरित वर्गाच्या स्थितीवरूनच कळते.