पाळणा सुटला, अंगणवाडी लांब

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. दिसत असतील, पण ते पाय कुठेकुठे जाणार आहेत हे पाळणा सुटल्यावरच कळते. पोर उभे राहू लागले की घरातल्या वस्तू एकेक पायरी वर चढू लागतात. आधी मिठाची बरणी फळीवर जाते, मग आजोबांचा चष्मा, मग कात्री, आणि शेवटी घरधन्याचा मोबाईल देवाच्या कोनाड्यात जाऊन बसतो. तरी पोराचा हात तिथवर पोचतोच, कारण तोवर त्याला पाट ओढून आणायची अक्कल आलेली असते.

एक ते तीन वर्षांचे हे वय मोठे अडनिडे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि पुढे गावोगाव अंगणवाडी आली. पण तिथे गाणी म्हणत बसायचे ते तिसरे वर्ष पुरे झाल्यावर. त्याआधी बाळाचे वजन होते, लस टोचली जाते, घरी न्यायचा आहार मिळतो, आणि बाळ परत आईच्या काखेत येते. आईला तर खुरपे बोलावत असते. झोळीत झोपणारे तान्हे बाभळीच्या सावलीला टांगता येते. पण धावणारे पोर कुठे टांगणार?

म्हणून ही पोरे आईबरोबर रानात येतात, आणि दुपारी बांधावर भाकरी सोडली की बायकांच्या तोंडी त्यांच्याच कागाळ्या असतात. अशा वेळी कान देऊन बसावे. तमाशाच्या फडात होत नाही एवढी करमणूक होते.

“काय सांगू आक्का, गिरणीतनं दळण आणलं, डब्याचं झाकण तेवढं राहिलं. शेरडांस्नी पाला टाकून येती तर आमचा खंडोबा बसलाय पिठात! भंडारा उधळावा तसं पीठ उधळलंय, अन् कुत्र्याच्या पिल्लालाबी माखलंय. दोघांत आपला कंचा, हेच कळंना.”

“पिठाचं काय घिऊन बसलीस? आमच्या मामंजींची कवळी तीन दिस गावली न्हाई. म्हातारा दुधात भाकरी कुस्करून खातोय अन् समद्या घरावर खेकसतोय. चौथ्या दिवशी आत्याबाई ज्वारी निवडाय बसल्या, तर सुपात कवळी हसतीया!”

तिसरीचे गाऱ्हाणे वेगळे. तिच्या लेकीला नुकते बोलता येऊ लागले आहे. दारात पाहुणे आले, पोरीने त्यांना खालून वर न्याहाळले आणि विचारले, “आई, ह्येच का चहाचं पाव्हणं?” आत सासूबाई ठसका लागून पडल्या, बाहेर पाहुण्यांनी चहा नको म्हटले. आईने सकाळी चुलीपाशी जे पुटपुटले ते पोरीने नीट जपून ठेवले होते. या वयातल्या मुलापुढे घरातले बोलणे म्हणजे चावडीवर दवंडी पिटणेच.

अशी हसाहशी चालू असताना एखादी बाई हळूच म्हणते, “आमचं तर येगळंच झालं.” आणि तिच्या आवाजावरून बाकीच्या गप्प होतात. तिचा दोन वर्षांचा मुलगा दिवस मावळताना दिसेना. हाका मारून झाल्या, माळवदावर पाहिले, गोठा पाहिला. गल्लीतली माणसे जमली आणि कुणी काही न बोलता सगळ्यांची पावले विहिरीकडे वळली. एकाने गळ आणला. आईला कुणी पुढे येऊ देईना. एवढ्यात कोंबड्या झाकायला गेलेल्या म्हातारीने आरोळी ठोकली. पोर डालग्याखाली खुडुक कोंबडीच्या शेजारी अंगाचे मुटकुळे करून झोपले होते. डोक्यावर पिसे, हातात एक धड अंडे. माणसे हसली, कुणी त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि आईने मात्र त्याला उराशी धरून जे रडायला सुरुवात केली ती घटकाभर थांबेना.

मैत्रिणींनो, या गोष्टीत मला डालग्यापेक्षा ती विहिरीकडे वळलेली पावले महत्त्वाची वाटतात. धोका कुठे आहे हे गावाला ठाऊक असते. फक्त पोर हरवल्यावर ते आठवते. बांधावरच्या गप्पांत हसण्यावारी जाणाऱ्या खोड्या कोणत्या आणि त्याच दिवशी घरी जाऊन बंदोबस्त करायच्या कोणत्या, हे निवडायला शिकले पाहिजे. पीठ सांडले तर झाडून घ्यावे. पाण्याची आणि औषधांच्या बाटल्यांची गोष्ट मात्र तशी सोडून देता येत नाही.

विहिरीला कठडा असतो, निदान तिची धास्ती तरी असते. बादलीची धास्ती कुणाला वाटते? या वयाच्या मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड असते. वाकून पाण्यात हात घालताना तोल गेला की ते डोक्यावर पडते आणि त्याला वर उठता येत नाही. वीतभर पाणीही पुरते. बरे, ते ओरडतही नाही. तोंडच पाण्यात असते. म्हणून न्हाणीतली बादली रात्री पालथी घालावी, टाकीला आणि रांजणाला पोराला न उचलेल असे झाकण ठेवावे. शेततळ्याचे प्लास्टिक तर ओले झाले की इतके निसरडे होते की धडधाकट गड्यालाही वर येता येत नाही. तळ्याला चारी बाजूंनी कुंपण हवे, आणि काठाला पक्का बांधलेला गाठीगाठींचा दोर आत सोडलेला हवा. दुर्दैवाने एखादे मूल पाण्यातून काढावे लागलेच, तर त्याला उलटे धरून गरगर फिरवणे किंवा पोट दाबून पाणी काढणे यात वेळ दवडू नये. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्यायचा आणि छाती दाबायची असते. ते कसे, हे उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेकडून आधीच हाताने करून शिकून घ्यावे. त्या घाईत शिकता येत नाही.

आता औषध. फवारणीच्या विषाला आपण घरात “औषध” म्हणतो, आणि खोकल्याच्या गोड पातळ औषधालाही औषधच म्हणतो. दोन वर्षांच्या मुलाने यातला फरक कसा ओळखावा? माझे तर मत आहे की पोरांच्या देखत त्याला सरळ विष म्हणावे. उरलेले औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून खिडकीत ठेवायची खोड अजून पुष्कळ घरांत आहे. रिकामा डबा चांगला जाड असतो म्हणून त्यात रॉकेल, तेल, पाणी भरले जाते. 2013 साली बिहारमधल्या सारण जिल्ह्यात शाळेतले दुपारचे जेवण जेवून 23 मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघाले. ज्या घरात एवढे वाचून झाले, त्या घरातल्या बाईने वाचणे थांबवून खिडकीतली बाटली आधी पाहावी. लेख कुठे जात नाही.

औषध मूळच्या डब्यातच, कुलपात, आणि राहत्या खोलीबाहेर ठेवावे. डबा संपला की भोक पाडून निकामी करावा. पोराच्या तोंडात गेलेच तर मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून ओकारी काढू नये. जाताना जळलेली अन्ननलिका येताना आणखी जळते, आणि रॉकेलसारखा पदार्थ फुफ्फुसात उतरतो. अंगावर सांडले असेल तर कपडे काढून साबणाने धुवावे, 108 ला फोन लावावा, नाहीतर मिळेल त्या वाहनाने निघावे, आणि डबा त्यावरच्या चिठ्ठीसकट डॉक्टरांपुढे ठेवावा. काही तणनाशकांवर उतारा नाही, म्हणून “एकच घोट गेलाय, बघू सकाळी” असे कुणी म्हटले तरी ऐकू नये.

याच ओघात घरच्या पुरुषांना एक सांगणे. फवारणी करून बाप दारात आला की पोर धावत जाऊन त्याच्या पायांना मिठी मारते आणि धोतराचा किंवा विजारीचा काठ तोंडात धरते. त्या कपड्यांवर काय आहे ते आपल्याला माहीत आहे. त्या दिवशी धन्याने गोठ्याकडच्या बाजूने यावे, साबण लावून अंघोळ करावी, कपडे वेगळे धुवायला टाकावेत आणि मग लेकराला उचलावे. पोर तोवर रडेल. रडू द्यावे.

शेंगदाणे, हरभरे, चिंचोके ही या वयाची मोठी संपत्ती. ती नाकात, कानात आणि घशात साठवली जाते. दाढा पुऱ्या आल्याशिवाय अख्खा दाणा हाती देऊ नये. कूट करून द्यावे. नाकात हरभरा गेला तर आकड्याने कोरू नये, पाणीही सोडू नये, कारण हरभरा भिजून फुगतो. आणि हल्ली खेळण्यात व रिमोटमध्ये जो रुपयाएवढा चपटा सेल असतो तो गिळला तर दोन तासांतच अन्ननलिका भाजू लागते. तो शौचावाटे पडेल म्हणून वाट पाहू नये, तडक मोठा दवाखाना गाठावा. माती खाणाऱ्या पोराला नुसता धपाटा घालून भागत नाही. अंगात रक्त कमी असले तरी मूल माती खाते. तेव्हा आशाताईंना दाखवावे. वर्ष पुरे झाल्यावर जंताची गोळी अंगणवाडीत मिळते, दोन वर्षांच्या आत अर्धीच, तीही चुरून.

एवढे सगळे एकटीने कसे सांभाळावे? नाहीच सांभाळता येत. खुरपणीच्या टोळीतल्या शहाण्या बायका म्हणून पाळी लावतात. पाच-सहा पोरे असली की एकीने त्या दिवशी खुरपे हातात धरायचे नाही, पोरे धरायची, आणि तिची पात बाकीच्यांनी उचलायची. 2005 सालच्या रोजगार हमीच्या कायद्यात हेच लिहिले गेले होते. सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुले कामावर आली, तर एका बाईला ती सांभाळायला नेमावे आणि तिला मजुरी द्यावी. बायकांनी ते कायद्याच्या आधीपासून केले. मजुरीची गोष्ट मात्र अजून अवघड जाते. “पोरं तर सांभाळली, काम काय केलं?” असे विचारणारा बागायतदार आढळला तर त्याच्याकडे अर्धा दिवस ती सहा पोरे सोपवून पाहावीत.

सांभाळणारीने पोरांना नुसते धाक दाखवून बसवू नये. ती बसत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले बालवाडीत येईनात तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, आणि विकतच्या खेळण्यांऐवजी दगड, बिया, पाने, शिंपले वापरले. आपल्या बांधावर या मालाला काय तोटा? पोराला खोडी हवी नसते, काम हवे असते. आई भाजी निवडते म्हणून त्याला निवडायची असते. घरी कणकेचा एक गोळा त्याच्या पुढ्यात टाकावा. त्याची पोळी भारताच्या नकाशासारखी होवो की काळी होवो, तेवढ्यात आपल्या चार भाकरी निघतात. रानात एका डब्यातले मोठे खडे दुसऱ्या डब्यात घाल म्हणावे. मोठ्या गंभीरपणे अर्धा तास चालते. मोठी माणसेही कचेऱ्यांतून हेच करतात.

सांभाळणारी म्हातारी असली तर फार उत्तम, कारण तिला घाई नसते. मात्र तिने थोड्या थोड्या वेळाने डोकी मोजावीत, मोठ्याने मोजावीत, म्हणजे पातीवरच्या आयांनाही ऐकू जाते. एका टोळीतली अशीच एक आजी चिंचेखाली बसून सहा पोरांचा आकडा पुकारत असे. सकाळी सहा, न्याहरीला सहा, दुपारी सहा. उन्हे कलल्यावर तिने पुकारले, “सात!” पातीवरची खुरपी थांबली. कमी भरले असते तर बायका धावत सुटल्या असत्या. जास्त भरले म्हणून त्या चक्रावल्या. एकजण जाऊन पाहते तो पोरांच्या ओळीत शेळीचे करडू बसवलेले, डोक्याला टोपडे, टोपड्याच्या नाड्या हनुवटीखाली बांधलेल्या. शेजारी टोपड्याची मालकीण उघड्या बोडक्याने बसून त्याला भाकरी भरवत होती.